फोन उशापासून किती लांब?

जबलपूरपासून वीसेक किलोमीटरवर भेडाघाटला पौर्णिमेच्या रात्री नर्मदेत नावा सुटतात. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उभे कडे, मधून संथ पाणी आणि वर चंद्र, हे बघायला लांबून लोक येतात. शरद पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, तिथे नर्मदा महोत्सव भरतो. वर्षातून अशा एखाद-दुसऱ्या रात्री कॉलेजच्या मुलामुलींनी जागरण केलं तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. कोजागिरीचं जागरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि पुढच्या दोन रात्री नीट झोपलं की शरीर सावरतं. प्रश्न वर्षातल्या उरलेल्या रात्रींचा आहे. पूर्ण चंद्राचं चांदणं कितीही लख्ख वाटलं तरी उजेड मोजायच्या एककात ते पाव लक्सच्या आसपास भरतं. दिवा मालवलेल्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर धरलेल्या टॅब्लेटचा उजेड डोळ्यांपाशी तीस लक्सच्या घरात जातो, म्हणजे चांदण्याच्या शंभरपट. हा हिशेब ऐकला की बहुतेकांना एकच उपाय सुचतो: स्क्रीनचा निळा प्रकाश झोप उडवतो ना, मग फिल्टर लावावा, स्क्रीन पिवळी करावी, झालं काम. हा उपाय अपुरा आहे आणि अपुरा असूनही काहीतरी केल्याचं समाधान देतो, म्हणून घातकही आहे. स्क्रीन पिवळी होते आणि फोन रात्री दीडपर्यंत तसाच चालू राहतो. कॉलेजातल्या मुलांची झोप फोनच्या उजेडामुळे थोडी जाते, फोन हाताशी असल्यामुळे पुष्कळ जाते. म्हणून उपायही रंगाचा नको, अंतराचा हवा.

उजेडाचा परिणाम खोटा आहे असं नाही. डोळ्याच्या पडद्यात, बघण्याचं काम करणाऱ्या पेशींखेरीज, थोड्या अशाही पेशी असतात की ज्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात आणि ‘अजून दिवस आहे’ असा निरोप मेंदूतल्या घड्याळाकडे धाडतात. मग रात्रीची चाहूल देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक उशिरा आणि कमी पाझरतं. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०१५ साली या विषयावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा तरुणांनी पाच रात्री झोपण्याआधी चार-चार तास टॅब्लेटवर वाचलं आणि पाच रात्री मंद उजेडात छापील पुस्तक वाचलं. टॅब्लेटच्या रात्रींत मेलॅटोनिन निम्म्याहून अधिक दबलं आणि त्याची वाढीची वेळ दुसऱ्या दिवशी सुमारे दीड तास उशिरावर गेली. ‘निळा प्रकाश घातक’ असं सांगणारे इथेच थांबतात. त्याच प्रयोगातला दुसरा आकडा फारसा सांगितला जात नाही: झोप लागायला उशीर झाला तो सरासरी दहा मिनिटांचा. रोज चार तास, पूर्ण ब्राइटनेस, तोही टॅब्लेटचा, आणि फरक दहा मिनिटांचा. रात्री साडेदहाला झोपायचं ठरवलेलं मूल दीडला झोपतं, तेव्हा गेलेल्या तीन तासांतली दहा मिनिटं उजेडाच्या खात्यावर मांडता येतील. बाकीच्या वेळाचं काय?

स्क्रीन पिवळी करण्याच्या सोयीचीही तपासणी झाली आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ ते २४ वयाच्या १६७ जणांचे तीन गट केले होते: एकाने रात्री फोन वापरताना रंग बदलणारी सोय चालू ठेवली, दुसऱ्याने बंद ठेवली, तिसऱ्याने झोपण्यापूर्वी फोनच वापरला नाही. सगळे एकत्र धरले तर तिन्ही गटांच्या झोपेत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. जे मुळात सात तासांच्या आसपास झोपत होते, त्यांच्यात मात्र फोन न वापरणाऱ्यांची झोप थोडी सरस निघाली. पिवळ्या स्क्रीनचा फायदा त्यांच्यातही दिसला नाही. याउलट स्वीडनमधल्या उप्साला इथल्या २०१६ च्या प्रयोगात, दिवसभर भरपूर उजेडात बसलेल्या तरुणांनी संध्याकाळी दोन तास टॅब्लेटवर वाचलं तरी त्यांच्या मेलॅटोनिनला धक्का लागला नाही. म्हणजे रात्रीच्या उजेडाचा उतारा बऱ्याच अंशी दिवसाच्या उजेडात आहे. त्याकडे पुढे येऊच.

आता उरलेल्या वेळाकडे पाहू. एखाद्या भाड्याच्या खोलीत किंवा होस्टेलमध्ये तीन कॉट असतात, भिंतीतला प्लग एकच, त्यातून ओढलेला एक्स्टेन्शन बोर्ड दोन कॉटच्या मध्ये उशांपाशी पडलेला. फोन चार्जिंगला लावायचा म्हणजे उशाशीच लावायचा, दुसरी जागाच नाही. अकराला दिवा बंद होतो. उद्याचं प्रॅक्टिकल कितीला आहे एवढंच बघायला फोन उघडला जातो. वर्गाच्या ग्रुपवर साठ निरोप आलेले असतात, त्यांतला कामाचा एक. तो शोधताना कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ दिसतो, तो संपायच्या आत पुढचा सुरू झालेला असतो. इथे उजेडाचा प्रश्न दुय्यम ठरतो. पुस्तकाचं प्रकरण संपतं, सिनेमा संपतो, गप्पा मारणाऱ्याला जांभई येते. हातातल्या या गोष्टीला शेवटच ठेवलेला नाही आणि तो ठरवून काढून टाकलेला आहे. थांबायचा निर्णय थकलेल्या मेंदूने स्वतःच, काही कारण नसताना, घ्यायचा असतो. दिवसभर निर्णय घेऊन दमलेल्या माणसाला मध्यरात्री हे जमत नाही, यात त्याच्या चारित्र्याचा दोष शोधू नये. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये या सवयीचा वेगळा अभ्यास मांडला: बाहेरचं कुठलंही कारण नसताना ठरवलेल्या वेळी झोपायला न जाणं. झोप येत नाही म्हणून ही माणसं जागत नव्हती. झोपायला जाणंच पुढे ढकललं जात होतं.

शिवाय जे पाहिलं जातं ते मनाला जागं ठेवणारं असतं. निकालाची अफवा, कुणाचं तरी तुटक उत्तर, दोन निळ्या खुणा दिसूनही न आलेलं उत्तर, नोकरी लागलेल्या सीनिअरचा फोटो. यातली कुठलीही गोष्ट काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर पाहिली तरी हृदयाचे ठोके तेवढेच वाढतील. फोन न उघडताही हे घडू शकतं. २०१६ साली वीस अभ्यासांतल्या सव्वा लाखाहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. झोपण्याच्या वेळी फोन-टॅब्लेट वापरणाऱ्या मुलांत अपुऱ्या झोपेचं प्रमाण बरंच जास्त होतं, आणि ज्यांनी तो वापरला नाही पण ज्यांच्या हाताशी तो होता, त्यांच्यातही ते जास्तच निघालं. ही शाळकरी मुलं होती, त्यामुळे हे निष्कर्ष कॉलेजच्या मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण बंद स्क्रीन उजेड देत नाही, तरीही झोपेशी तिचा संबंध दिसतो, ही गोष्ट माझ्या म्हणण्याला बळ देते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्यांना मुळात झोप येत नाही तेच फोन हातात घेत असतील, मग फोन हे कारण कसं, तो तर परिणाम झाला. काहींच्या बाबतीत हे खरं आहे. नुसत्या पाहणीतून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे वेगळं काढता येत नाही, म्हणून प्रयोगाकडे जावं लागतं. चीनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ३८ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. निम्म्यांना चार आठवडे झोपण्यापूर्वी अर्धा तास फोन बंद ठेवायला सांगितलं. त्यांना झोप सुमारे बारा मिनिटं लवकर लागली, एकूण झोप अठरा मिनिटांनी वाढली आणि क्षणिक स्मरणाच्या कसोटीतही ते सुधारले. माणसं थोडी होती, फरकही प्रचंड नाही. पण फक्त अर्ध्या तासाच्या अंतराने रोज अठरा मिनिटं मिळत असतील तर आठवड्याला दोन तास झाले, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. ज्यांची निद्रानाशाची तक्रार खरोखर आधीची आहे, त्यांनाही फोन झोप आणून देत नाही. रात्र कशीबशी काढायला मदत करतो, इतकंच.

झोप कमी झाल्याने बिघडतं काय, हे कॉलेजच्या मुलांना त्यांच्याच भाषेत, म्हणजे मार्कांत, सांगता येतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी एमआयटीत रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप नोंदवणारे पट्टे बांधून सत्रभर मोजणी झाली. मार्कांतल्या एकूण फरकाचा जवळजवळ चौथा हिस्सा झोपेशी जोडलेला निघाला. परीक्षेच्या आदल्या रात्री किती झोपलात याने जवळपास काही बदललं नाही, त्याआधीचा आठवडा आणि महिना महत्त्वाचा ठरला. रात्री दोननंतर झोपणाऱ्यांचे मार्क तर एकूण झोप पुरी होऊनही घसरलेले होते. तीन अमेरिकन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या सहाशेहून अधिक मुलांवरचं असंच काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. सत्राच्या सुरुवातीला रात्रीच्या झोपेतला सरासरी एकेक तास कमी असेल, तशी सत्राअखेरची श्रेणी ०.०७ अंकांनी खाली आलेली दिसली, आणि सहा तासांखाली नुकसान ठळक झालं. आपल्याकडे ‘परीक्षेच्या आधी नीट झोप रे’ असं सांगायची पद्धत आहे. ते चूक नाही, पण तोवर बराच उशीर झालेला असतो. मेंदू दिवसभर शिकलेलं रात्री झोपेत पक्कं करत असतो. जुलैत वाचलेल्या धड्याची झोप जुलैतच घ्यावी लागते.

मार्क ही तर लहान गोष्ट झाली. भेडाघाट ते जबलपूर रस्ता रात्री मोटारसायकलने करणाऱ्या मुलांनी दुसरा हिशेबही ध्यानात ठेवावा. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेला मुलगा रात्री बाराला गाडीला किक मारतो, तेव्हा एक थेंबही न घेता तो त्या मर्यादेपलीकडे असतो, आणि आदल्या रात्री पाच तासच झोपलेला असेल तर त्याहूनही वाईट अवस्थेत. वाटेतल्या तेवर गावाच्या वळणावर त्याला डुलकी लागली तर कोणता फिल्टर वाचवणार?

मोठ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. विशीतलं मूल रात्री उशिरापर्यंत ताजंतवानं असतं ते सगळं फोनमुळे नाही. वयात येताना शरीराचं घड्याळ हळूहळू उशिराकडे सरकतं आणि विशीच्या आसपास ते सर्वांत जास्त उशिरा असतं, नंतर पुन्हा लवकरकडे येतं. त्यामुळे नऊला झोपणाऱ्या आजोबांनी अकराला जागा असलेल्या नातवाला आळशी ठरवू नये. पण या नैसर्गिक उशिरावर फोनचा उशीर चढला की अकराचा दीड होतो, आणि कॉलेजचं पहिलं लेक्चर काही अडीच तास पुढे सरकत नाही. तसंच ‘व्यसन’ हा शब्द ऊठसूट वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, फोनच्या व्यसनाचा नाही. व्यसनी म्हटलं की मूल एकतर बचावात जातं किंवा हात टेकतं. सवय म्हटलं की बदलायची कुठे आणि कशी, हे तरी विचारता येतं.

मग करायचं काय? पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, फक्त बघा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ किंवा ‘स्क्रीन टाइम’ या नावाखाली तासागणिक वापराची नोंद असते. दिवसाचा एकूण आकडा सोडून द्या, कारण त्यात नकाशे, पैसे भरणं, लेक्चरचे व्हिडिओ सगळं मिसळलेलं असतं. रात्री दहा ते दोन एवढेच तास पाहा, आणि त्या वेळात कोणतं अ‍ॅप किती मिनिटं चाललं ते कागदावर लिहा. शेजारी दुसऱ्या रकान्यात सकाळी उठल्याची वेळ. अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तास झोप लागते. तुमचे आकडे त्यात बसत असतील आणि दुपारी वर्गात डोळे मिटत नसतील, तर हा लेख तुम्हाला लागू नाही, खुशाल फोन वापरा. बहुतेकांना मात्र दिसेल की अभ्यासासाठी जागतोय असं वाटणाऱ्या रात्रींत अभ्यासाचा भाग अर्ध्या तासाचा आहे.

दुसऱ्या आठवड्यात एकच बदल: फोनची जागा. कॉटवर पडल्या पडल्या हात पोहोचणार नाही इतका लांब, शक्यतो उठून चार पावलं जावं लागेल असा. एक्स्टेन्शन बोर्ड उचलून दाराशी किंवा टेबलाखाली न्या. हा सगळ्या उपायांतला सर्वांत क्षुल्लक दिसणारा आणि सर्वांत कामाचा उपाय आहे, कारण तो तुमच्या रात्रीच्या निश्चयावर अवलंबून नाही. निर्णय संध्याकाळी सातला, डोकं ठिकाणावर असताना घेतला जातो आणि मध्यरात्री त्याची अंमलबजावणी अंतर करतं. ‘आज फक्त दहा मिनिटं बघेन’ असा निश्चय रोज मोडतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. वेळेची मर्यादा घालणारी अ‍ॅप वापरून पाहायला हरकत नाही, पण ती बंद करायचं बटण त्याच फोनवर असतं.

यावर पहिला प्रश्न गजराचा येतो. गजराचं घड्याळ घ्या, साधं, बॅटरीवरचं. गजर फोनवर हवाच असेल तर तो लांबच ठेवा, म्हणजे बंद करायला उठावं लागेल आणि उठणं आपोआप होईल. दुसरा प्रश्न घरच्यांचा: आई रात्री फोन करते, वडिलांची तब्येत बरी नसते, फोन बंद कसा ठेवणार? बंद ठेवायची गरजच नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये निवडक नंबरांचे फोन वाजू देण्याची सोय असते. घरचे तीन-चार नंबर त्यात घाला, आवाज मोठा ठेवा, फोन टेबलावर ठेवा. खरी निकड असेल तर तो वाजेल आणि तुम्ही उठाल. पालकांनीही इथे थोडं मागे यायला हवं. मुलगा नागपूरहून जबलपूरला शिकायला गेलेला असतो, काळजी वाटणं स्वाभाविक आहे, पण ती रात्री साडेअकराच्या व्हिडिओ कॉलने मिटत नाही. नऊची वेळ ठरवा आणि पाळा.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: आता अभ्यासच फोनवर असतो. नोट्स पीडीएफमध्ये, लेक्चर यूट्यूबवर, सराव परीक्षा अ‍ॅपवर, आणि लॅपटॉप प्रत्येकाकडे नसतो. अनेक घरांत मुलाचा फोन हेच एकमेव यंत्र असतं, तेव्हा ‘फोन दूर ठेव’ हा सल्ला ‘पुस्तक दूर ठेव’ असा ऐकू येतो. हे गांभीर्याने घ्यायला हवं. इथे फोन सोडून देण्याचा प्रश्न नाही, तासांची अदलाबदल करायची आहे. व्हिडिओ लेक्चर संध्याकाळी, टेबलाशी बसून, लागतील तेवढी डाउनलोड करून आणि नेट बंद ठेवून पाहा. रात्रीच्या शेवटच्या तासासाठी कागदावरचं काम राखून ठेवा: गणितं, आकृत्या, उद्याचं वाचन, ज्याच्या झेरॉक्स काढून आणल्या आहेत असं काहीही. पंचवीस पानांची झेरॉक्स महागात पडत नाही. मध्यरात्रीनंतर फुकट डेटा देणारे प्लॅन बाजारात आहेत आणि तंगी असलेल्या मुलांना डाउनलोडसाठी ते सोयीचे वाटतात. डाउनलोड लावायचं असेल तर खुशाल लावा, पण फोन टेबलावर ठेवून. त्यासाठी जागायची गरज नसते.

होस्टेलमध्ये एकट्याने शिस्त पाळणं अवघड, हेही खरं. तुम्ही दिवा मालवलात तरी शेजारच्या कॉटवर मॅच चालू असते. यावर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवावं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून या गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहतील. मुलांनी अभ्यास करावा हा हेतू होता, झोपेचा विषय नव्हता. पण त्यातली मेख इथेही कामाला येते. एका घरातला फोन बंद करणं कठीण असतं, कारण बाकीच्यांचे चालू असतात. सगळ्यांचे एकदम बंद झाले की काहीतरी चुकतंय ही रुखरुख उरत नाही. पाच-सहा जणांच्या खोलीला भोंगा लागत नाही. साडेअकराला सगळे फोन एका टेबलावर, हा करार पुरतो. आठवड्यातून पाच रात्री, शनिवार-रविवार मोकळे, असा सैल करार केलात तर तो टिकतो. वर्गाच्या ग्रुपवर रात्री दहानंतर काही टाकायचं नाही, एवढं एकाने सुचवलं तरी पुष्कळ मुलांची सुटका होईल. शिक्षकांनीही उद्याच्या तासाचे बदल रात्री अकराला कळवायची पद्धत सोडावी. मुलांना फोन उघडायला लावणारं ते सर्वांत सबळ निमित्त असतं.

आता दिवसाच्या उजेडाचं. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात, हिवाळ्यात दिवसा कमी उजेड मिळालेली मुलं रात्री उशिरा झोपत होती. दिवसा बाहेर घालवलेला वेळ शरीराचं घड्याळ पुन्हा लवकरकडे ओढत होता. आपल्याकडे उजेडाची टंचाई नाही, ढगाळ सकाळीसुद्धा उघड्यावर हजारो लक्स मिळतात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे. तरीही कॉलेजची मुलं दिवसाचा बराच भाग पडदे ओढलेल्या खोलीत आणि वर्गात काढतात. उठल्यावर तासाभराच्या आत वीस-तीस मिनिटं बाहेर पडा. जबलपुरात असाल तर ग्वारीघाटावर, तिलवाराघाटावर फेरी मारा, नाहीतर नुसतं गच्चीत उभं राहून चहा घ्या. जबलपूर आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेपासून अडीच अंश पश्चिमेला असल्याने तिथला सूर्य घड्याळाच्या दहाएक मिनिटं मागे असतो, आणि जानेवारीत तो पावणेसातनंतरच वर येतो. तेव्हा पहाटे पाचला उठायचा हट्ट नको, साडेसातचा उजेडही चालतो. वेळ मात्र रोज तीच हवी, रविवारी फार तर तासभर उशिरा. रविवारी पहाटे तीनला झोपून दुपारी बाराला उठणारा मुलगा त्या रात्री झोप आली नाही म्हणून फोन उघडतो, आणि मग सोमवारी सकाळी दूरच्या देशाच्या विमानातून उतरल्यासारखा वर्गात बसतो. झोपायची वेळ आपल्या हातात पुरती नसते, उठायची असते. तिथून सुरुवात केली की रात्रीची झोप आठ-दहा दिवसांत मागून येते. संध्याकाळी सहानंतर टपरीवरचा चहा-कॉफी मात्र सोडावा लागेल, कारण घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनंतरही अंगात असतं.

फोन लांब गेला की पहिल्या काही रात्री रिकामं वाटेल. डोक्यात उद्याची कामं फिरायला लागतील आणि हात फोन शोधेल. यासाठी उशाशी वही-पेन ठेवा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले. वीसेक मिनिटं पडूनही झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत राहू नका. उठा, मंद उजेडात काहीतरी संथ वाचा, डोळे जड झाले की परत या. आठवड्यात एक-दोन रात्री करार मोडेल, परीक्षेच्या दिवसांत जास्त. मोडल्याच्या दुसऱ्या सकाळी उठायची वेळ तीच ठेवा, दुपारी फार तर वीस मिनिटांची डुलकी घ्या, आणि फोन पुन्हा टेबलावर.

हे सगळं तीन-चार आठवडे करूनही आठवड्यातल्या तीन किंवा अधिक रात्री झोप येत नसेल, किंवा झोपेसोबत भूक, आनंद, माणसांत मिसळण्याची इच्छा जात असेल, तर प्रश्न फोनचा राहिलेला नाही. पुष्कळदा उदासी आधी येते आणि रात्रीचा फोन तिच्यापासून पळायची जागा असतो. अशा वेळी फोन काढून घेण्याने मूल आणखी एकटं पडतं, हे पालकांनी लक्षात ठेवावं. सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. जबलपूरला नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून फोन-इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळा दवाखाना चालतो. दीर्घ निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी वागणुकीतले बदल शिकवणारी उपचारपद्धती वापरतात आणि ती उपयोगी पडते, त्यामुळे औषधांच्या दुकानातून झोपेची गोळी स्वतःहून आणू नका. डॉक्टरकडे पहिल्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची नोंद कागदावर लिहून न्या: पडलो कधी, झोप लागली असं वाटतं कधी, उठलो कधी, आणि शेवटचा फोन ठेवला कधी. त्यांचे पहिले प्रश्न हेच असतात.